बिझनेस क्लास : आधी विमान बघा, मग कंपनी

भंडाऱ्याहून नागपूर किंवा मुंबईमार्गे अमेरिकेला जाणारा प्रवासी बिझनेस क्लासचं तिकीट काढताना कंपन्यांच्या सीटची तुलना करतो. तरी उतरताना घसा कोरडा आणि डोकं जड असतं, कारण केबिनची हवा. 35,000 फुटांवर विमानात हवा दाबून भरतात, पण जमिनीइतकी दाट नाही. जुन्या विमानांत ती 8,000 फुटांपर्यंतच्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते, म्हणजे सिमल्याहून उंच. बोइंग 787 आणि एअरबस ए350 मध्ये ती साधारण 6,000 फुटांसारखी, कळसूबाईहून जरा वर. फरक कवचाचा आहे. आतल्या हवेच्या दाबाने प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग किंचित फुगतं, आकसतं. तार वारंवार वाकवली की तुटते, तसं जुन्या विमानांचं ॲल्युमिनियम थकतं. 787 आणि ए350 चं कार्बन तंतूंचं कवच हा ताण जास्त सोसतं आणि गंजतही नाही, त्यामुळे आत हवेचा दाब आणि ओलावा दोन्ही थोडे अधिक ठेवता येतात. 787 साठी याच प्रकारच्या साहित्याचे फ्लोअर बीम, म्हणजे केबिनच्या जमिनीखालच्या तुळया, नागपूरच्या मिहानमध्ये, टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत.

मग सीटला किंमत नाही का? आहेच. आडवं झोपता येणं आणि थेट वाटेत पाय टाकता येणं हे चौदा-पंधरा तासांत फार मोलाचं. पण हवा इकॉनॉमीतही तीच असते. जादा पैसे झोपेचे आहेत. शिवाय एकाच कंपनीकडे दोन्ही पिढ्यांची विमानं असतात: एअर इंडिया लांबच्या मार्गांवर 787 ही उडवते आणि धातूचं 777 ही. म्हणून तिकिटावर विमानाचा प्रकार आधी वाचावा.