भुमकर चौकात वाचलेला वेळ

मार्च 2020मध्ये कोरोनामुळे पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमधली ऑफिसं शेजारच्या वाकडच्या फ्लॅटांत शिरली. दूरसंचार विभागाने 13 मार्चलाच घरून कामाचे नियम सैल केले होते. 25 तारखेला देशभर टाळेबंदी लागली आणि टू बीएचकेत वाटणी झाली : एकाचा हॉल, दुसऱ्याची बेडरूम. जूनमध्ये मुलांची शाळाही ऑनलाइन सुरू झाली, तेव्हा उरलं फक्त स्वयंपाकघर.

सुरुवातीला आनंद एकच, हिंजवडीच्या वाटेवरच्या तुंबलेल्या भुमकर चौकातून सुटका झाल्याचा. ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ आता व्यायामाला, झोपेला मिळेल असं सगळेच म्हणत होते. तो कामाने गिळला. नऊचा कॉल साडेआठवर आला, कारण 'आता कुठे प्रवास करायचाय?' परदेशी क्लायंटच्या वेळा सांभाळता सांभाळता रात्रीचे अकरा वाजू लागले. त्या काळातलं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मे 2021मध्ये आकडेच मांडले : आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के अधिक.

मान आणि कंबर त्याआधीच बोलू लागल्या होत्या. डायनिंग टेबल जेवायला ठीक, टायपिंगला उंच. खांदे वर चढतात, आणि लॅपटॉपचा पडदा खाली असल्याने मान वाकते. ज्यांनी लॅपटॉपखाली मिक्सरचा खोका ठेवला, वेगळा कीबोर्ड घेतला, खुर्ची उशी घालून उंच केली आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट सरकवला, त्यांचं दुखणं बरंच आटोक्यात राहिलं.

बायकांचे हाल वेगळेच. घरकामाच्या मावशींना सोसायटीच्या गेटवरच मनाई, त्यामुळे भांडी, केर, फरशी सगळं अंगावर आलं. त्यात वाकड ज्या पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथे नोव्हेंबर 2019पासून पाणी दिवसाआड. पाण्याच्या दिवशी बादल्या भरताना कानात मीटिंग चालू असायची. प्रॉडक्टिव्हिटी वाढल्याचे अहवाल वाचताना हे बिनपगारी तास कुणी मोजले नाहीत, याचा मला आजही राग येतो.

आमच्या सोसायटीतले एक काका मात्र रोज बूट घालून इमारतीला फेरी मारायचे आणि मगच लॉगिन करायचे. संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. निर्बंध सैल झाल्यावर बऱ्याच जणांनी हे उचललं.

2022च्या जुलैत केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या (सेझ) निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा दिली, डिसेंबरात ती सगळ्यांना खुली केली. पुढे ऑफिसं भरू लागली. आता हायब्रिड आहे आणि भुमकर चौक पुन्हा तुंबतो. घरच्या दिवशी दुपारी एक ते दोन कॉल ठेवायचा नाही, असं काही टीमनी आपसांत ठरवून घेतलंय. हे कंपनीच्या धोरणात लेखी यायला हवं, मॅनेजरच्या मर्जीवर राहता कामा नये.