निदान कोठें चुकतें?

औषध चुकलें तर तें बदलतां येतें. परंतु निदानच चुकलें, तर उत्तम औषधहि वायां जातें आणि मोलाचा वेळ हातचा निघून जातो. २०१५ सालीं अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन ह्या संस्थेनें ह्या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. दुखण्याचा बरोबर व वेळेवर उलगडा न होणें, किंवा झालेला उलगडा रोग्यापर्यंत न पोहोंचणें, ह्या दोहोंसहि त्यांत निदानाची चूक म्हटलें आहे. बहुतेक प्रत्येकाच्या वांट्यास आयुष्यांत एकदां तरी अशी चूक येते, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नव्हे, घरोघरचा आहे.

चूक कशी घडते हें कोंकणांत चांगलें दिसून येतें. चिपळूण तालुक्यांतील सावर्डें हा मुंबई-गोवा रस्त्यावरचा गांव. पावसाळा लागला म्हणजे आसपासच्या खांचरांतून भाताची लावणी सुरू होते व माणसें दिवसचे दिवस चिखलांत वावरतात. ह्याच दिवसांत तापाचे रोगी वाढतात. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ ही तक्रार बहुधा एकच. पण तिच्यामागें हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफस ह्यांपैकीं कोणताहि रोग असूं शकतो.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतु उंदरांच्या व गुरांच्या मूत्रांतून पाण्यांत येतात आणि पायाच्या लहानशा जखमेंतून शरीरांत शिरतात. पोटऱ्या फार दुखणें व डोळे लाल होणें हीं त्याचीं सूचक चिन्हें. स्क्रब टायफस गवतांतील बारीक किड्यांच्या दंशानें होतो. दंशाच्या जागीं काळी खपली धरते. पण ती दुखत नाहीं आणि कित्येकदां कांखेंत वा जांघेंत दडलेली असते. अंगावरचे कपडे दूर करून कोणी पाहिलेंच नाहीं, तर ती दिसणार कशी? डेंग्यूची रीत आणखी निराळी. ताप उतरूं लागला म्हणजे घरचीं माणसें निश्चिंत होतात. परंतु धोक्याचा काळ बहुधा तेव्हांच सुरू होतो.

रक्ततपासणीलाहि आपली वेळ असते. लेप्टोस्पायरोसिसचीं प्रतिद्रव्यें रक्तांत साधारणपणें पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसूं लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशीं अहवाल निर्दोष आला, एवढ्यावरून रोग नाहीं असें ठरत नाहीं.

जवळच्या महाडचें उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. त्या भागांत लाल विंचवाच्या दंशानें माणसें दगावत. विंचू म्हणजे वेदना, ही रूढ समजूत. त्यामुळें दरदरून सुटणारा घाम, वांत्या, गार पडलेले हातपाय ह्यांचा नीट अर्थ लागत नसे. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व हृदयाची स्थिति टिपून ठेवली. दंश हातापायाला झाला, तरी मृत्यु हृदय दुबळें होऊन व फुप्फुसांत पाणी भरून ओढवतो, हें त्यांनीं ओळखलें. १९८२ व १९८६ सालीं त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्यें आले, दुसऱ्यांत प्राझोसिनचा उपयोग मांडला होता. हें औषध रक्तदाबासाठीं आधींच प्रचारांत होतें. नवें होतें तें निदान, आणि त्यानेंच जुन्या औषधाला प्राण वांचविण्याचें सामर्थ्य दिलें.

ह्यावरून ध्यानांत येईल कीं, चूक नेहमींच अज्ञानानें होते असें नाहीं. साथ एका रोगाची चालू असली म्हणजे प्रत्येक ताप त्याच रोगाचा वाटतो. एकदां मत बनलें कीं त्याला जुळणारी चिन्हें डोळ्यांत भरतात व न जुळणारी नजरेआड होतात. त्यांत गर्दीचा दवाखाना, अपुरी हकीकत, आणि गांवांतून मोठ्या रुग्णालयांत जातांना घरीं राहिलेले कागद ह्यांची भर पडते.

उपायहि ह्यांतूनच सुचतात. डॉक्टरानें, जमत नसलेलें एक चिन्ह कोणतें, हें स्वतःस विचारावें. अपेक्षेप्रमाणें उतार न पडल्यास निदान पुन्हां तपासावें. घरच्यांनीं ताप कोणत्या दिवशीं आला, रोगी कोठें काम करीत होता, कोणतीं औषधें घेतलीं, हें कागदावर लिहून न्यावें. “दुसरें काय असूं शकेल? आणि कशानें सावध व्हावें?” हे दोन प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांचा अवमान नाहीं. लघवी कमी होणें, डोळे पिवळे पडणें, धाप लागणें, रक्तस्राव वा असह्य पोटदुखी दिसल्यास मात्र आदल्या दिवशीं काय निदान झालें होतें ह्यावर विसंबून न राहतां त्याच वेळीं रुग्णालय गांठावें.