शिडी लावलेलं जहाज

ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं ‘रेनबो वॉरियर’ एखाद्या मोठ्या शहराच्या धक्क्याला लागलं, की दोर बांधून झाल्यावर शिडी लावतात आणि तिच्या तोंडाशी पहाऱ्याला माणूस उभा राहतो. कोण आलं, कधी उतरलं, सगळ्याची नोंद होते. शनिवार-रविवारी मात्र हीच शिडी अनेक बंदरांत सर्वांसाठी खुली असते. शाळकरी मुलं, आजी-आजोबा, गोदीतले कामगार रांगेने वर येतात. त्यांना सुकाणूची खोली दाखवतात, पन्नास मीटरहून उंच डोलकाठ्या दाखवतात. एरवी पडद्यावरच दिसणाऱ्या रबरी मोटरबोटींना हातही लावता येतो.

पाहुण्यांना न दिसणारं काम पुष्कळ असतं. समुद्रात चार तास पाळी, आठ तास मोकळे, असा दिवस बांधलेला असतो. बंदरात तो विस्कटतो. धान्य-भाजी भरायची, इंजिनाची राहिलेली दुरुस्ती उरकायची, पत्रकारांना फिरवायचं आणि मुख्य म्हणजे गंज काढायचा. खाऱ्या वाऱ्याने लोखंडावर फुगलेली खपली हातोडीने पाडायची, तारेच्या ब्रशने घासून खालचा धातू चमकवायचा, मग अस्तर आणि त्यावर रंग. भर समुद्रात डेक सतत ओला. रंग धरतो तो बंदरातच. देशोदेशीचे खलाशी साधारण तीन महिने जहाजावर काढतात आणि तेवढेच घरी. एवढ्या सहवासात आचाऱ्याचा हात चांगला असणं ही चैन उरत नाही.

हे तिसरं ‘रेनबो वॉरियर’ 2011मध्ये जर्मनीत बांधून झालं, लाखाहून अधिक लोकांच्या देणग्यांतून. शिडांचं क्षेत्रफळ बाराशे चौरस मीटरच्या वर, म्हणजे वारा असला की इंजिनाला सुट्टी. सांडपाणी नाजूक किनाऱ्याजवळ सोडावं लागू नये म्हणून ते साठवण्याची सोयही पोटातच केली आहे. समुद्र वाचवा म्हणणाऱ्याने आपली घाण आधी सांभाळावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण या जहाजाला शहराच्या धक्क्यावर उभं राहण्याची किंमत ठाऊक आहे. पहिलं ‘रेनबो वॉरियर’ जुलै 1985मध्ये ऑकलंडला लागलं होतं. पुढे मुरुरोआ बेटाकडे, फ्रान्सच्या अणुचाचण्यांचा निषेध करायला जायचं होतं. संघटनेच्या ऑकलंड कार्यालयात काही आठवड्यांपूर्वी एक फ्रेंच बाई स्वयंसेविका म्हणून काम करून गेली होती. ती हेर होती. 10 जुलैला जहाजावर एका सहकाऱ्याचा वाढदिवस साजरा झाला. मध्यरात्रीच्या थोडं आधी फ्रेंच गुप्तहेर खात्याने लावलेला पहिला बॉम्ब फुटला, काही मिनिटांत दुसरा. छायाचित्रकार फर्नांडो परेरा आतच अडकले आणि बुडून गेले. ते 35 वर्षांचे होते. सप्टेंबरात फ्रान्सच्या पंतप्रधानांना कबुली द्यावी लागली.

एवढं झाल्यावर कोणीही शिडी कायमची वर ओढून घेतली असती आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता. यांनी पहारा वाढवला, पण दार बंद केलं नाही. मोहीम शहरातल्या माणसांच्या पाठबळावर चालते. ज्याने डेकवर पाय ठेवला आहे, त्याला समुद्रातली ती बोट परकी वाटत नाही. या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे.

2025च्या जुलैमध्ये, स्फोटाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, तिसरं जहाज ऑकलंडलाच होतं. त्याआधी ते मार्शल बेटांवर जाऊन आलं होतं. तिथल्या रोंगेलाप बेटावर 1954च्या अमेरिकी अणुचाचणीची राख पडली होती. मे 1985मध्ये, बुडण्याच्या दोनच महिने आधी, पहिल्या जहाजाने तिथल्या सुमारे तीनशे लोकांना घरादाराच्या सामानासकट दुसऱ्या बेटावर हलवलं होतं. त्यांच्या न्यायाच्या मागणीला आधार मिळावा म्हणून या वेळी शास्त्रज्ञ सोबत होते. किरणोत्सर्ग मोजायला ते तिथून नमुने घेऊन आले.