सायकल मिळेल, पण रस्ता?



१ मे रोजी आपल्या शाळेत निकाल वाटला. सातवीतली एक हुशार मुलगी निकालपत्रक हातात घेऊन गप्प उभी होती. मी विचारले, "का गं, गुण तर चांगले मिळालेत. मग तोंड का उतरले?" ती म्हणाली, "गुरुजी, मला आठवीला घालणार न्हाईत. हिमायतनगर लांब पडतंय म्हणतात घरचे."

आपली शाळा सातवीपर्यंत आहे. पुढे शिकायचे तर हिमायतनगर गाठावे लागते. अंतर चार किलोमीटर. त्यातले एक किलोमीटर आपल्या गावाच्या फाट्यापर्यंत आणि तीन किलोमीटर मोठ्या रस्त्याने. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांना म्हटले, "अहो, आठवीपासून मुलींना सायकल मिळते. काळजी कशाला करता?"

वडील म्हणाले, "सायकल मिळंल हो गुरुजी. पण ती चालवायची कुठून? त्या रस्त्यावर लेकराला जागा हाय का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी येताना त्याच प्रश्नाचा विचार करत आलो. त्या विचारातून हा लेख झाला.

सायकल आली कशी?

सायकल फार जुनी नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस या गृहस्थाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. बसायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचे. पुढे १८६० नंतर फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल काढली. आज आपण चालवतो ती तिचीच लेक. १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेले रबरी टायर तयार केले. तेव्हापासून हाडे खिळखिळी व्हायची थांबली!

मी सायकल शिकलो ती भाड्याच्या सायकलीवर. तासाला चार आणे पडत. पाय पुरत नसत, म्हणून नळीखालून पाय घालून कैची मारायची. गुडघे फुटले, पण सायकल आली. त्या वेळी आपल्या भागात पोस्टमन, दूधवाले, गुरुजी सगळे सायकलवर दिसत. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेला जायचे तर पुढे नळीवर एक, मागे कॅरिअरवर एक असे आम्ही जात असू. (तुम्ही तसे करू नका!) रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा होता. पण भीती वाटत नसे, कारण वाहन आले तर ते बैलगाडी नाही तर दुसरी सायकलच असे.

सायकलीने काय होते?

माणूस तासाला सुमारे चार किलोमीटर चालतो. सायकलवर तेवढ्याच दमात बारा किलोमीटर सहज जातो. म्हणजे हिमायतनगर पायी एक तास, सायकलने वीस मिनिटे. जाऊन येऊन रोज एक तास वीस मिनिटे वाचतात. एवढ्या वेळात अभ्यासही होतो आणि खेळणेही होते. तेल नको, तिकीट नको, एसटीची वाट पाहणे नको.

२००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा नववीत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. जिथे शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती, तिथे फायदा जास्त झाला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. सायकल एका मुलीची शाळा वाचवू शकते ती अशी.

मग भीती कशाची?

सुट्टीत पाच-सहा मुले बरोबर घेऊन मी मोठ्या रस्त्याच्या कडेने चालत गेलो. टेप घेऊन मोजमाप केले. डांबराच्या कडेला जी मातीची पट्टी असते तिला साइडपट्टी म्हणतात. सायकलवाल्याचा खरा आसरा तीच. रस्त्यावर दर वेळी डांबराचा नवा थर पडतो आणि रस्ता उंच होतो. साइडपट्टी मात्र कोणी भरत नाही. पावसाने ती आणखी खचते. एका ठिकाणी डांबर आणि माती यांत पुरी एक वीत फरक निघाला.

आता काय होते ते नीट समजून घ्या. मागून ट्रक हॉर्न देतो. सायकलवाला घाबरून खाली उतरतो. पुन्हा वर चढताना पुढचे चाक डांबराच्या कडेला घासते, हँडल वळते आणि माणूस पडतो. तो मातीकडे पडला तर ठीक, पण बहुधा रस्त्याकडेच पडतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येतो. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणून ताशी तीसने येणारे वाहन जिथे थांबेल, तिथे साठने येणारे थांबत नाही. वडिलांची भीती खोटी नव्हती.

दुसऱ्यांनी काय केले?

नेदरलँड्स हा युरोपातला छोटा देश. तिथे मोटारी वाढल्या तसे अपघात वाढले. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून जास्त मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर आले. मुलेसुद्धा आली. "आमच्या गल्लीत आम्हांला खेळू द्या, सायकल चालवू द्या," अशी त्यांची मागणी होती. एका दिवसात काही झाले नाही. पण हळूहळू सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले आणि वस्तीत मोटारींचा वेग कमी करण्यात आला. आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत.

आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे स्कूटरी आणि मोटारी आल्या, सायकल कडेला ढकलली गेली. तिला पुन्हा जागा मिळावी म्हणून २०१७ साली तिथल्या महानगरपालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. एकदा गेलेली जागा परत मिळवणे किती अवघड असते, हे त्यावरून कळते.

आपल्याला काय करता येईल?

मोठे रस्ते बांधणे आपल्या हाती नाही. पण पुढील गोष्टी मागता येतात, आणि काही आपण स्वतः करू शकतो.

१. साइडपट्टी मुरूम टाकून, दाबून डांबराच्या बरोबरीला आणावी.
२. फाट्यावर आणि शाळेजवळ गतिरोधक असावा. त्यावर पांढरे पट्टे असावेत, नाहीतर रात्री सायकलवालाच त्यावर आपटतो.
३. वळणावरची वेडी बाभूळ तोडावी. समोरचे दिसले पाहिजे.
४. रस्त्यावर सोयाबीन वाळत घालू नये, ट्रॉली उभी करू नये. यात दोष आपलाच आहे. सायकलवाल्याची जागा आधी आपणच अडवतो, मग ट्रकवाल्याला बोलतो.
५. सायकलवाल्यांनी डावीकडून, एकामागे एक जावे. गप्पा मारत जोडीने जाऊ नये. ब्रेक आणि घंटी रोज पाहावी. मागे लाल चमकती काच असावी. वळताना हात दाखवावा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपल्या मुलांनी ही मोजमापे वाचून दाखवली. आधी काही जण हसले. पण "एक वीत" हे ऐकल्यावर सभा शांत झाली. एक म्हातारे आजोबा उठून म्हणाले, "पोरं खरं बोलालीत. मीबी तिथंच पडलोतो." सभेत ठरले, की फाट्यापर्यंतचा आपला रस्ता आपण दुरुस्त करायचा. दोन रविवारी श्रमदान झाले, मुरूम पडला, बाभळी निघाल्या. मोठ्या रस्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि मुलांची मोजमापे जोडून अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेले नाही. आपण पुन्हा लिहू.

आणि ती मुलगी? ती आठवीत आहे. जूनमध्ये पहिले आठ दिवस तिचे वडील आपली जुनी सायकल घेऊन तिच्या मागे मागे गेले. आता गावातल्या चार मुली मिळून एका ओळीत जातात. मोठ्या रस्त्यावर जिथे साइडपट्टी खचली आहे, तिथे त्या उतरून सायकल हातात धरून चालतात. त्यात पाच मिनिटे जास्त जातात. ती पाच मिनिटे वाचवायची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.

करून पाहा : आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता पाहा. सायकलवाल्याला कुठे कुठे उतरावे लागते ते मोजा, वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. पुढच्या ग्रामसभेत आपण ते सगळे एकत्र मांडू.