बर्क आणि विल्स मोहीम

बर्क आणि विल्स मोहीम ही ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी १८६०-६१ मध्ये काढलेली संशोधन मोहीम होती. मेलबर्नपासून कार्पेंटारियाच्या आखातापर्यंतचे सुमारे ३,२५० किलोमीटर अंतर तिने पार केले. मात्र परतीच्या वाटेवर नेता रॉबर्ट ओ'हारा बर्क आणि उपनेता विल्यम जॉन विल्स मरण पावले. मोहिमेत एकूण सात जणांचा अंत झाला. वाळवंटातील मृत्यू म्हटला की तहान आठवते. या दोघांना मात्र पाण्याच्या काठीच मृत्यू आला.

पार्श्वभूमी

१८४४-४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट खंडाच्या मध्यभागाकडे निघाला होता. पुढचे पाणवठे आटल्याने त्याची तुकडी एकाच ठिकाणी सुमारे सहा महिने अडकून पडली आणि त्याचा सहकारी जेम्स पूल स्कर्व्हीने दगावला. अशा प्रदेशात घोड्यांपेक्षा उंट उपयोगी पडतील, या विचाराने जॉर्ज लँडेल्स याने तत्कालीन हिंदुस्थानातून २४ उंट आणले. त्यांच्याबरोबर उंटवालेही आले.

प्रवास

२० ऑगस्ट १८६० रोजी १९ माणसे, २६ उंट, २३ घोडे आणि सुमारे २० टन सामान घेऊन मोहीम मेलबर्नहून निघाली. सामानाच्या भारामुळे तिची गती मंदावली. अधीर झालेल्या बर्कने मेनिंडी येथे बरेच सामान व माणसे मागे ठेवली आणि तो कूपर क्रीक या नदीवर पोहोचला. तेथे विल्यम ब्राहे याच्या हाती तळ सोपवून १६ डिसेंबर रोजी बर्क, विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे तीन महिन्यांची शिधासामग्री घेऊन भर उन्हाळ्यात उत्तरेकडे निघाले. फेब्रुवारी १८६१ मध्ये ते आखाताजवळ पोहोचले. भरती-ओहोटीचे खारे पाणी त्यांना दिसले. दलदलीमुळे समुद्र मात्र दिसला नाही.

तळावरील चुकामूक

परतताना अन्न संपत आले. १७ एप्रिल रोजी ग्रे मरण पावला आणि त्याला पुरण्यात एक दिवस गेला. २१ एप्रिलच्या संध्याकाळी उरलेले तिघे तळावर पोहोचले, तेव्हा तो रिकामा होता. मेनिंडीहून यावयाची रसद आली नव्हती, साथीदार आजारी होते. म्हणून चार महिन्यांहून अधिक काळ वाट पाहून ब्राहे त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. 'खणा' अशी खूण कोरलेल्या झाडाखाली त्याने थोडे अन्न व चिठ्ठी पुरून ठेवली होती.

ब्राहेला गाठणे अशक्य मानून बर्कने नैर्ऋत्येकडील माउंट होपलेसची वाट धरली. निघताना झाडावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे पुन्हा तळावर येऊन गेला, परंतु कोणी आल्याचे त्याच्या ध्यानात आले नाही. इकडे उरलेले दोन्ही उंट गेले. पाणी वाहून नेण्याचे साधन न राहिल्याने तिघे नदीकाठाशी जखडले गेले.

मृत्यूची कारणे

त्या काठी राहणारे यांद्रुवांधा लोक मासे आणि नार्डू नावाच्या नेच्याच्या बीजाणुकोशांचे पीठ खात. त्यांनी प्रवाशांनाही अन्न दिले. परंतु बर्कने गोळी झाडल्यावर ते काही काळ दुरावले. तिघांनी नार्डू दळून खाल्ले, तरी पोट भरूनही अशक्तपणा वाढत गेला. नार्डूतील थायमिनेज हे विकर 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करते. ते टाळण्याची स्थानिकांची रीत न कळल्याने त्यांना बेरीबेरी झाला असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. जून १८६१ च्या अखेरीच्या सुमारास विल्स व बर्क मरण पावले. किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाने जगला. १५ सप्टेंबर रोजी आल्फ्रेड हॉविटच्या शोधपथकाला तो सापडला.

मूल्यमापन

शासकीय चौकशी आयोगाने विलंब आणि नियोजनातील त्रुटींवर ठपका ठेवला. याच्या उलट, जॉन मॅकडॉल स्टुअर्ट याने आधीच्या प्रवासांत पाणवठे हेरून ठेवले होते. लहान तुकडीसह तो २४ जुलै १८६२ रोजी उत्तर किनाऱ्यावर पोहोचला आणि त्याचे सर्व साथीदार जिवंत परतले.