पंचातले पाच घटक: चार विका, पाचवा नको!



मानकोली नाक्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम करणारा तरुण मला भेटला. म्हणाला, "सर, मी घरी रमचा पंच भारी बनवतो. मित्र म्हणतात, बाटल्या भरून पार्ट्यांना विक. चाळीस हजार साठलेत, लावू का?"

मी विचारलं, "माप काय घेतोस?"

"माप कसलं सर, अंदाजानेच टाकतो."

इथेच दोन चुका आहेत. एक मापाची, दुसरी कायद्याची.

आधी माप

पंच हे पेय आपल्याच किनाऱ्यावरचं. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर 1670च्या दशकात इथे फिरला. 1698 साली छापलेल्या पुस्तकात तो लिहितो की गोव्याच्या अराकपासून इंग्रज लोक हे पेय बनवतात आणि पाच घटक म्हणून त्याचं नाव पंच. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. पुढे कॅरिबियन बेटांवर अराकच्या जागी रम आली आणि एक सोपं माप रूढ झालं: 1 भाग आंबट, 2 भाग गोड, 3 भाग रम, 4 भाग पाणी.

एका ग्लाससाठी:

- लिंबाचा रस 15 मिली
- साखरेचा पाक 30 मिली (एक वाटी साखर, एक वाटी पाणी; साखर विरघळली की गार करा)
- रम 45 मिली
- गार पाणी 60 मिली
- वरून चिमूटभर जायफळ, आपण श्रीखंडात घालतो तेच

बर्फ घाला, ढवळा, झालं. माप ठरलं की चव ठरते, आणि चव ठरली तरच खर्च काढता येतो. अंदाजावर घर चालतं, धंदा नाही.

आता कायदा

महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा लागू आहे. रम प्यायला वय 25 पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. लायसन्सशिवाय दारू मिसळून विकणं हा सरळ गुन्हा. समारंभात दारू द्यायची तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा. म्हणजे पहिल्याच ऑर्डरला चाळीस हजार जातील, वर केस लागेल.

मग विकायचं काय?

रम काढून टाका. उरले चार घटक, त्यातलं पाणी गिऱ्हाईक स्वतःच घालेल. 250 मिली लिंबाचा रस आणि 500 मिली पाक म्हणजे 750 मिलीची एक बाटली. ग्लासला 45 मिली धरलं तर 16 ग्लास होतात. एका बाटलीचा खर्च भागिले 16, हा तुमचा ग्लासमागचा खर्च. त्यात बाटली, लेबल, गॅस आणि स्वतःची मजुरी धरायला विसरू नका!

गिऱ्हाईक कुठे? मानकोलीतच! दुपारी घामाघूम झालेले लोडर, ट्रकचे ड्रायव्हर. त्यांना रम नकोच, गार सरबत हवंय.

पण विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करा. ताजा रस लवकर खराब होतो, म्हणून माल किती दिवस टिकतो ते तपासून घ्या आणि तीच तारीख लेबलवर टाका. लेबलवर दारूचं नाव, फोटो काही नको.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं, "चाळीस हजारांना हात लावू नकोस. नोंदणी होईपर्यंत नोकरी चालू ठेव आणि पाचशे रुपयांत चार बाटल्या बनव. ओळखीच्या दहा जणांना फुकट पाज. दुसऱ्या दिवशी कोण स्वतःहून मागतो, ते वहीत लिही."

तुमची वही कुठे आहे? आजच काढा!