गिअर पडत नाही? आधी इंजिन बंद करा!

चतुर्थीच्या महिना-दीड महिना आधीपासून पेण, हमरापूर, जोहे या भागातून गणपतीच्या मूर्तींच्या गाड्या सुटू लागतात. त्यात मोठे टेम्पो असतात, तशा पंधरा-वीस वर्षं जुन्या पिकअपही असतात. रोह्याच्या माझ्या मामाकडे अशीच एक आहे. एरवी ती धाटाव एमआयडीसीत सामान पोचवते, सीझनला मात्र मूर्ती. मूर्तीला वजन फार नसतं, पण शाडूच्या गणपतीचं बोट एका झटक्यात तुटतं. नागोठण्याहून रोह्याला येताना भिसे खिंडीच्या चढावर दुसरा गिअर पडला नाही आणि गाडीने हिसका दिला, तर भाडं राहिलं बाजूला, मूर्तीचेच पैसे भरून द्यायची वेळ येते. म्हणून ‘गिअर नीट पडत नाही’ हे वाक्य ऑगस्टच्या तोंडावर ऐकलं की घरात सगळ्यांचं बीपी वाढतं!

मी मेकॅनिकलची, त्यामुळे मला गाडीतलं सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे. खरं सांगायचं तर कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला सिंक्रोनायझर पटकन कळला, पण ‘बॉक्स खाली घ्यावा लागेल’ हे मराठी गॅरेजमध्येच कानावर पडलं. बॉक्स खाली घेणं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं. गाडी उभी, मजुरी वेगळी, आणि उघडल्यावर आत आणखी काय निघेल याचा नेम नाही. मित्रांनो, हा लेख त्याच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल आहे.

गिअर बदलताना क्लचने इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर पूर्ण तोडायचा असतो. मग सिंक्रो रिंग, म्हणजे बहुधा पितळेची एक कडी, घासून दोन्ही भागांचा वेग सारखा करते आणि गिअर गुपचूप बसतो. ही सोय कॅडिलॅकने १९२८ साली पहिल्यांदा गाडीत दिली. त्याआधी डबल क्लच मारावा लागे. तेव्हा दोष दोन ठिकाणी असू शकतो. एक तर क्लच संबंध पूर्ण तोडत नाही, नाहीतर गिअरच्या दांड्यापासून आतल्या गिअरपर्यंत काहीतरी झिजलंय किंवा अडकलंय. गंमत म्हणजे गाडीत बसलेल्याला दोन्हींत एकच ऐकू येतं, कर्रर्र!

आता परीक्षा. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा आणि इंजिन बंद करा. क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून बघा. एखादा दातावर दात येऊन अडला, तर गाडी किंचित हलवून परत टाका. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर. बंद असतानाही दांडा जड जातोय, तर दांड्याची जोडणी, बुश, केबल बघा, आणि ते ठीक असेल तरच बॉक्सकडे वळा.

दुसरी खूण रिव्हर्सची. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही आवाज आला, तर क्लच सुटतच नाहीये.

मामाच्या गाडीत नेमकं हेच झालं. मिस्त्रींनी बॉक्स खाली घ्यायला सांगितलं होतं. इंजिन बंद केल्यावर मात्र पाचही गिअर बिनतक्रार पडले. मी म्हटलं, “मामा, क्लच दोन-तीनदा पंप करून मग टाका बरं.” टाकला, आणि पडला! पंप केल्यावर सुधारतं याचा अर्थ हायड्रॉलिकमध्ये हवा शिरलीय किंवा कुठेतरी गळतंय. खाली वाकून बघितलं तर स्लेव्ह सिलिंडरचं रबर ओलं. रबर किट बदललं, हवा काढली, नवीन फ्लुइड भरलं, काम झालं. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा! वर्षा-दोन वर्षांनी ते बदलायला हवं, पण गळेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

अर्थात दर वेळी एवढ्या स्वस्तात सुटका होत नाही. बाकी गिअर ठीक आणि एकच, समजा तिसरा, कर्रर्र करतो, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली असणार. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप निसटतो, तर आतला फोर्क किंवा गिअर जागी धरणारी स्प्रिंग बघावी लागते, कधी माउंटिंगचं रबरही गेलेलं असतं. इथे मिस्त्री बॉक्स उतरवायला सांगतील तर वाद घालू नका.

ऑटोमॅटिक गाडीला मात्र ही परीक्षा लावू नका. तिथे गिअर तेलाच्या दाबावर बदलतात, म्हणून आधी तेलाची पातळी, रंग आणि वास बघायचा. तपकिरी पडून जळका वास आला तर आतल्या क्लच प्लेटा जळताहेत. भारतात २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेला एएमटी प्रकार मधला आहे, म्हणजे गिअरबॉक्स आपल्यासारखाच, फक्त क्लच आणि दांडा मशीन चालवतं. त्याला स्कॅनर लागतो.

आपल्या बॉक्समधलं तेल फक्त वंगण असतं, तरी ते चुकीचं टाकू नये. ‘नव्वद नंबर’ म्हटलं की काही जण डिफरन्शियलचंच तेल बॉक्समध्ये ओततात. डिफरन्शियलचं तेल सहसा जीएल-५ प्रकारचं असतं, आणि त्यातली काही रसायनं पितळेच्या रिंगांना मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर तेच टाका. आणि पावसात रस्त्यावरच्या खोल पाण्यातून गाडी काढली असेल, तर नंतर बॉक्सचं थोडं तेल काढून बघा. दुधाळ दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय. पुढचं भाडं घेण्याआधी ते बदला.